न पिणाऱ्यांचा द्राक्षमळा

“शेजारी घेतोय म्हणजे काय? घर आम्ही घेतोय ना?”

जोगळेकर काका फोनवर इतक्या जोरात बोलत होते, की पलीकडच्या टेबलावरची डेबी मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. डेबी माझी बॉस. क्लायंट ओरडला की तिला आधी कमिशन आठवतं.

“घर तुम्हीच घेताय, काका. तो फक्त द्राक्षमळा घेतोय.”

“आणि विहीर?”

“विहीर मळ्यात आहे.”

“आणि गाडी वर न्यायचा रस्ता?”

“तोही मळ्यातूनच जातो.”

काकांनी फोनच ठेवून दिला. मी त्यांना चार महिने ओळखत होते आणि हे पहिल्यांदाच घडत होतं.

माझं काम सांगते. मी मूळची नागपूरची. इथे व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर आले. ती नोकरी गेली आणि मी डेबीच्या छोट्याशा फर्ममध्ये लागले. अमेरिकेतल्या लोकांना पोर्तुगालमधल्या खेड्यांत घरं घेऊन देणं हा आमचा धंदा. उत्तरेला दोरू नदीचं खोरं आहे. डोंगरउतारावर पायऱ्या पायऱ्यांनी द्राक्षांचे मळे, मध्येच दगडी घरं. आमचे बहुतेक क्लायंट वाइनसाठीच तिथे जातात.

जोगळेकर मात्र शांततेसाठी निघाले होते. काकांनी सगळी हयात डेटा सेंटरं थंड ठेवण्यात घालवली. अ‍ॅशबर्नमध्ये वळणावळणावर डेटा सेंटर आहे. त्यातलं एक नेमकं त्यांच्या घरामागे उभं राहिलं आणि रात्रंदिवस घुमायला लागलं. काकांना तो आवाज ऐकूच येत नाही, त्यांना तो पगारासारखा वाटतो. शैला काकूंना मात्र धड झोप नव्हती.

शरद ऋतूत दोघं घर बघायला गेले. दुपारी काकू अंगणातल्या बाकावर टेकल्या आणि थेट संध्याकाळी उठल्या. उठल्या उठल्या म्हणाल्या, “हेच घर.” संपला विषय.

मग काकांची घासाघीस सुरू झाली. पोर्तुगालमध्ये घर वेगळं आणि शेतजमीन वेगळी. नोंद वेगळी, किंमतही वेगळी. काकांनी हे बरोबर हेरलं. व्हिडिओ कॉलवर मालकाला म्हणाले, “आमच्या घरात थेंबभर कोणी घेत नाही. मग दारूच्या द्राक्षांचे पैसे आम्ही का द्यायचे?” मालक बिचारा पोर्तोमधला डेंटिस्ट, मावशीचं घर त्याच्या गळ्यात पडलेलं. दात उपटणाऱ्या माणसालाही काकांनी रडकुंडीला आणलं. शेवटी त्याने मळा जवळजवळ फुकटात लावला. काकांनी ही विजयगाथा मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणात, बटाटेवड्यांच्या रांगेत उभं राहून सगळ्यांना ऐकवली.

मी त्यांना आधीच बजावलं होतं. तिथे एक कायदा आहे. शेतजमीन विकायची असेल तर लागून ज्याची जमीन आहे त्या शेजाऱ्याला आधी विचारावं लागतं. जो भाव तुम्हाला, तोच त्याला. त्याला हवी असेल तर पहिला हक्क त्याचा. “म्हणून भाव फार पाडू नका,” मी म्हटलं. पण पुणेकराला भाव पाडू नका म्हणून काय उपयोग!

आता शेजारच्या आर्मिंदो नावाच्या म्हाताऱ्याने कळवलं होतं, की त्या भावात मळा तो घेणार. सोमवारी सही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी दोघं ऑफिसात आले. टॅबलेटच्या स्क्रीनवर तिकडची वकील तेरेझा होती. काका बसायच्या आत म्हणाले, “मी जास्त पैसे देतो!”

हे वाक्य काकूंनीही बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्या वळून त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

तेरेझाने मान हलवली. “आता नाही चालणार. तो हो म्हणाल्यावर किंमत वाढवली तर तो सरळ कोर्टात जाईल, आणि जिंकेल. तो स्वतः नको म्हणाला तरच.”

“आयत्या बिळावर नागोबा आहे लेकाचा,” काका पुटपुटले.

काकू मला हळूच म्हणाल्या, “मृणाल, तिथे मला झोप लागली गं. नाहीतर रात्री उशी डोक्यावर धरून रडत बसते मी. यांना सांगितलं नाहीये.” तोवर ही माझ्यासाठी एक फाइल होती. डेबीने दारातून डोकं घालून “एनी गुड न्यूज?” विचारलं, तेव्हा मी तिला हाताने जा म्हणून खुणावलं.

तेरेझाने आर्मिंदोला कॉलवर घेतलं. डोक्यावर टोपी, मागे स्वयंपाकघर, चेहऱ्यावर काही नाही. तो पोर्तुगीज बोलणार, तेरेझा त्याचं इंग्लिश करणार. काकांनी मला डोळा मारला. त्यांची स्ट्रॅटेजी ठरली होती.

“टेल हिम, त्या वेली म्हाताऱ्या झाल्यात. पीक येत नाही. दगडी बांध ढासळलाय. टोटल लॉस आहे. कशाला घेतोस म्हणावं?”

तेरेझाने विचारलं, “नक्की हेच सांगू?”

“एक्झॅक्टली हेच.”

तिने सांगितलं. आर्मिंदोचा चेहरा तांबडा झाला. त्या वेली त्याच्या बापाने मजूर म्हणून लावल्या होत्या. मालकीणबाई, म्हणजे डेंटिस्टची मावशी, थकल्यापासून छाटणी तो करत होता, तोडणीही तोच. बांधही त्याच्याच हातचा. काकांनी एका दमात त्याचा बाप, त्याचं काम आणि त्याचा बांध, तिन्ही मोडीत काढले होते.

“मी कमवायला घेत नाहीये,” तो म्हणाला. “तुम्ही उपटाल म्हणून घेतोय. तुमच्यात कोणी पीत नाही, असं मालक म्हणाला. जे पीत नाहीत ते उपटतात. गावात एकाने उपटून स्विमिंग पूल केला. आणि हा माणूस तर त्या दिवशी टेप घेऊन मळा मोजत होता.”

“छे छे! पूल वगैरे काही नाही,” काका म्हणाले. ते खरंच होतं. त्यांना बॅडमिंटन कोर्ट करायचं होतं. त्याचा नकाशा त्यांनी मला ईमेलही केला होता. मी नखं बघत बसले.

आर्मिंदो उठायला लागला. काकूंनी टॅबलेट स्वतःकडे ओढला.

“मृणाल, त्यांना सांग, एकही वेल उपटणार नाही. यांना बॅडमिंटन खेळायचं असेल तर जिमला जातील.”

मी इंग्लिश केलं, तेरेझाने पोर्तुगीज. आर्मिंदोने टोपी मागे सारली, स्क्रीनजवळ आला आणि आत बघून बायकोला हाक मारली. मग हसत काहीतरी बोलला. तेरेझा तोंडावर हात ठेवून खिदळायला लागली.

“काय म्हणतोय तो?” काका.

“ते विचारतायत, त्या दिवशी दुसरा ग्लास मागितला होता त्या याच का?”

काका सावकाश काकूंकडे वळले.

“शैला?”

“तुम्ही टेप घेऊन फिरत होतात. त्यांच्या बायकोने जेवायच्या आधी आत बोलावलं. इतक्या प्रेमाने दिलं, नाही कसं म्हणायचं?”

“अगं, पण दुसरा?”

“पहिल्यावरून कळेना, आवडतंय की नाही.”

काकूंच्या त्या दुपारच्या झोपेचं श्रेय शांततेचं किती आणि ग्लासांचं किती, यावर मी मत दिलं नाही. मी कमिशनवर काम करते.

पिणारी बाई वेली उपटणार नाही, हे आर्मिंदोला पटलं आणि पुढचं दहा मिनिटांत उरकलं. मळा काकूंच्या नावावर होणार. छाटणी आर्मिंदो करणार, पीकही तोच नेणार. तोडणीच्या वेळी काकूंनी टोपली घेऊन हजर राहायचं. काका म्हणाले, “पण पिकातला आपला हिस्सा...” काकूंनी नुसतं बघितलं आणि हिस्सा तिथेच मिटला. आर्मिंदोने मळा नको म्हणून लिहून दिलं. सोमवारी सही झाली, ती आपल्या लोकांची.

वसंत ऋतूत दोघं तिकडे राहायला गेले. काकूंचा मला मेसेज आला, “रोज सात तास.” काकांचाही आला. त्यात बांधाचे फोटो होते आणि आर्मिंदोच्या बांधकामाची तोंडभर स्तुती.

डेबीने विचारलं, “तर आपण काय शिकलो?”

शिकले ती मी. एखाद्या घरात काय चालतं आणि काय चालत नाही, हे नवऱ्याच्या तोंडून ऐकून फाइलमध्ये घालायचं नाही. आता एखादं जोडपं आलं, की मी आधी नवऱ्याला कॉफी आणायला पाठवते. आमचं कॉफी मशीन खालच्या मजल्यावर आहे, आणि ते फार हळू चालतं.