नदीवर जायचा महिना

आमच्या शेजारच्या मंडलावाल्या काकू गावातल्या नागनदीला नदी म्हणत नसत. कोणी त्यांच्यासमोर तसं म्हटलं, तर हसून विचारत, "पाणी वाहते म्हणून काय नदी झाली का वं?" त्यांचे वडील मंडल्याला जंगलखात्यात होते. लहानपणी त्या वडिलांबरोबर डोंग्यात बसून नर्मदेवर दिवसचे दिवस हिंडल्या होत्या. दोन्ही काठांना सालाचं रान, कोसन् कोस माणूस नाही. लग्न होऊन त्या सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत आल्या आणि दोन खोल्यांत त्यांचा संसार झाला. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याला घेऊन एकदा तो प्रवास करायचा, एवढी एकच हौस त्यांनी जन्मभर धरून ठेवली होती.

हौस साधी होती, पण महिना ठरत नव्हता. काकू कार्तिकावर अडून बसत. "पावसाचं गढूळ पाणी तवा निवळते. वाकून पाहिलं की तळचे गोटे दिसतात, मासोळीची सावली दिसते." काका सेक्रेटरिएटात कारकून होते. त्यांना वाघ पाहायचा होता, म्हणून ते वैशाख म्हणत. "उन्हाळ्यात वाघ पाण्यावर येते. एवढ्या दूर जाऊन मी काय गोटे पाहू?"

"वैशाखात नदीत खडकच खडक," काकू म्हणत. "वाघ चालत येईल अन् आपणही चालतच जाऊ."

दरवर्षी दसरा झाला की हा वाद निघे, आणि आम्ही शेजारीही आपापला महिना सुचवत असू. वाद गोड होता, कारण जाणं कधीच होत नसे. उन्हाळ्यात कचेरी पचमढीला जाई, काकांना तिच्याबरोबर जावं लागे. हिवाळ्यात कौन्सिलचं काम, रजा मिळत नसे. पावसाळ्यात तर ती नदी कोणाला जवळ येऊ देत नाही. "अवंदा नाही तं पुढच्या साली," असं काका म्हणत आणि काकू मान डोलावत.

मग काकांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आधी दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, मग फायलीतली अक्षरं गेली, आणि एका पावसाळ्यात सगळंच गेलं. नोकरी सुटली. ज्या कार्तिकात त्यांना पहिल्यांदा हवी तेवढी सवड होती, तो डॉक्टरांच्या दारात गेला. काकूंनी त्या वर्षी नदीचं नाव काढलं नाही. माझी आई म्हणाली, "बिचारीचं राहूनच गेलं."

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. माघ संपता संपता काकू आमच्याकडे आल्या. "सुमे, होळीच्या सुटीत येशील का आमच्यासंगं? आम्ही मंडल्याले जाऊन राहिलो."

"काकू, पण तुमचा कार्तिक?"

"कार्तिकाचं पाणी पाहाले डोळे लागतात," त्या म्हणाल्या. "फाल्गुनात मोहाचं फूल पडते. डोंग्यात बसल्या जागी वास येते. पाखरं बोलतात. धुकं नाही, थंडी नाही. आता आमच्यासाठी तोच महिना चांगला."

काका आतून म्हणाले, "काहून उगाच? मले तिथं काय दिसणार?"

"मी सांगीन ना."

इतवारी स्टेशनावरून छोट्या गाडीनं आम्ही डुलत डुलत मंडल्याला पोचलो. दोन डोंगे एकमेकांना बांधून वर बांबूचा तट्टा टाकलेला, आणि वल्ह्यावर एक म्हातारा केवट. गाव मागे पडलं आणि काकू सांगू लागल्या. उजवीकडे सालाला फूल आलं आहे, वाळूवर सुसर पडली आहे, काठावर दोन गोंड बाया मोह वेचत आहेत. काका पाण्यात हात सोडून ऐकत होते. एका वळणावर मोहाचा वास असा भरून आला की त्यांनी मान वर केली आणि कितीतरी वेळ तशीच ठेवली.

तेवढ्यात वानरं खोकल्यासारखी ओरडू लागली. केवटानं वल्हं थांबवलं. "शेर है, बाबूजी. पास ही है." काकू, केवट आणि मी काठाकडे टक लावून बसलो. गवताचं पातंही हललं नाही. जरा वेळानं वानरं गप्प झाली आणि काका हसले. "वाघाच्या बाबतीत आता आपण सारे सारखेच."

पुढे एका डोहात त्यांनी विचारलं, "तळचे गोटे दिसतात का वं?"

काकू वाकल्या. "दिसतात. पांढरे आहेत. एक लाल आहे."

मीही वाकले. पाणी शेवाळानं हिरवंगार होतं. तळ कुठेच नव्हता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

काकूंच्या वडिलांचा जिथे मुक्काम असे, ती जागा अजून लांब होती. पण पुढे पात्रात खडक लागले आणि केवट म्हणाला, डोंगा जाणार नाही. काकू वरच्या वळणाकडे पाहत राहिल्या. मग काकांचा ओला हात आपल्या पदराला पुसत म्हणाल्या, "चला, झालं पाहून."

त्यानंतर काका काही वर्षं जगले. आल्यागेल्याला ती नदी सांगत. इतकी बारीक सांगत की नवख्या माणसाला ते आंधळे आहेत हे उशिरा कळे. ते गेल्यावर जबलपूरहून काकूंचे भाऊ त्यांना न्यायला आले. सामान बांधताना मी म्हटलं, "काकू, या कार्तिकात आपण दोघी जाऊ. पाणी निवळलेलं असेल."

त्या लुगड्याची घडी घालत होत्या. घडी पूर्ण झाल्यावर म्हणाल्या, "नको वं. पाहिलं ते सांगाले माणूस पाहिजे. नुसतं पाहून मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी त्या जबलपूरला गेल्या. पुन्हा त्यांची भेट झाली नाही. मी मात्र पुढे त्या नदीवर पुष्कळदा गेले. डोंग्यात शेजारी कोणी बसलेलं असलं की काठावरचं एकेक मी सांगू लागते, आणि ते माणूस जरा नवलानं म्हणतं, "अहो, मला दिसतंय."