वरून कोरडं

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे माळीणबाई म्हणत, कारण ती माणसाची कातडी वाढवायची. भाजलेल्या माणसाच्या मांडीवरून नखाएवढा तुकडा यायचा आणि काही आठवड्यांत ती त्याचे हातरुमालाएवढे पापुद्रे करून द्यायची. अठ्ठावीस वर्षं हेच काम, शिक्षण बारावी. चाळिशी ओलांडलेला मी दोन पदव्या घेऊन तिच्या शेजारच्या टेबलावर आलो, तेव्हा हिच्याकडून आपण काय शिकायचं, असंच मला वाटलं होतं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. ती मात्र कातडी वाढवायच्या बशांशी बोलायची, तेही अगदी हळू.

बशीत काय चालतं ते तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि मी ते फारसं ऐकलं नव्हतं. पेशी एकमेकींना खेटून बसतात आणि आपापसांत निरोप देतात. तळातलीला निरोप असतो, वाढत राहा. गर्दीत वर ढकलली गेली की शेजारणींचा निरोप बदलतो, आता वाढणं पुरे, घट्ट हो. सगळ्यात वरच्या तर स्वतः मरून भिंत होतात. ती भिंत नीट उभी राहायला वरून हवा लागते. म्हणून शेवटच्या आठवड्यात माळीणबाई वरचं गुलाबी पोषक द्रव ओढून घ्यायची आणि कातडी ज्या जाळीवर वाढते, फक्त तिच्याखाली ठेवायची.

त्या वेळी काचेच्या भट्टीवरचा एक कारागीर दवाखान्यात होता, पाठ आणि दोन्ही हात भाजलेला. कातडी नसली की अंगातलं पाणी उडून जातं आणि जंतूंना दार सताड उघडं. डॉक्टरांनी नवी कातडी लावायचा दिवस ठरवून दिला होता. त्याची बायको रोज दुपारी आमच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसे आणि एवढंच विचारी, कुठवर आलं?

बहिणीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माळीणबाई दोन दिवस रजेवर गेली. जाताना चिठ्ठी चिकटवून गेली : खालचं द्रव बदलणे, बाकी हात लावू नये. मी बशांचं उबदार कपाट उघडलं तर बशा वरून निस्तेज, कोरड्या. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर तिचा हलगर्जीपणा पकडल्याचा आनंदही झाला. मी प्रत्येक बशीत वरून द्रव ओतलं, दोन्ही दिवस. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काही उगाच नाही.

ती परतली, बशीत डोकावली आणि खुर्चीवर बसली. पापुद्रे वरून मऊ, बुळबुळीत झाले होते. चाचणीसाठी एका कोपऱ्यावर निळ्या रंगाचा थेंब टाकला तर तो सरळ खाली झिरपला. म्हणजे भिंत धरलीच नव्हती.

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तळाला पोटभर मिळू दे, वरून उघडं राहू दे. तू वरून ओतत राहिलास, मग त्यांना कसं कळावं, आपण आता बाहेरच्या जगाला लागलोय?"

एकेका बशीतलं वरचं द्रव तिनं ओढून काढलं. वाचले तर चार-पाच दिवसांत भिंत धरतील, म्हणाली. मग ती बाकापाशी गेली. दाराआडून मला ऐकू आलं : आमच्या हातून चूक झाली, चार दिवस जास्त लागतील. बायकोनं विचारलं, तोवर आमचे हे टिकतील का? माळीणबाईनं खोटा धीर दिला नाही. माहीत नाही, म्हणाली, आणि तिच्या शेजारी बसून राहिली. मला बाहेर जायचं धैर्य झालं नाही. आजही त्याची लाज वाटते.

चौथ्या दिवशी निळा थेंब बशीतल्या कातडीवर तसाच गोल उभा राहिला. पाव तास आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. मग पापुद्रे दवाखान्यात गेले.

सहा महिन्यांनी तो कारागीर बायकोसोबत स्वतःच्या पायांनी आला. माळीणबाईनं त्याला बेसिनशी नेलं आणि परवानगी विचारून त्याच्या हातावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब ओघळून गेला. ती हसली आणि पदराने डोळे पुसत कामाला लागली.

मी त्याच्यासमोर उभा राहिलो. "ते चार दिवस माझ्यामुळे गेले," मी म्हणालो. "मी न विचारता ओतलं होतं."

त्यानं बायकोकडे पाहिलं. तीच बोलली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. दाराखाली तुमचे पाय दिसत होते."

कारागिरानं हात पुढे केला. "हात लावून बघा," म्हणाला.

मी बोट टेकवलं. कातडी गुळगुळीत होती, कोमट होती आणि वरून अगदी कोरडी होती.