गोरक्षच्या बोटीतला डावा स्पीकर

माझी सून उज्वला सिन्नरच्या एका कारखान्यात आठ वर्षं बारीक तारांना सोल्डरचे डाग देत होती. कारखान्याने ते काम बंद केलं तेव्हा चार दिवस नुसती बसून राहिली. पाचव्या दिवशी माझं पापडाचं टेबल तिने ओसरीवर ओढलं, त्यावर आपली हत्यारं मांडली आणि पाटी लावली – ‘ट्रॅक्टर, टेम्पो, भजनी मंडळ, सगळ्यांचे स्पीकर दुरुस्त करून मिळतील. काम परत येत नाही.’ मी दुसरी पास, पण एवढं वाचता येतं. शेवटचं वाक्य मला जरा आगाऊच वाटलं.

पण खरंच परत येत नसे. तिची एक खोड आहे. वस्तू आली की ती लगेच उघडत नाही, आधी माणसाला उघडते. “बंद पडायच्या आधी काय केलं होतं?” माणूस म्हणतो, काहीच नाही. ती म्हणते, “काहीच न करता कुणाचं काही बिघडत नाही, भाऊ. आठवा.” मग एकेक बाहेर येतं. कुणी स्पीकरवर चहा सांडलेला असतो, कुणी वायरीला म्हैस बांधलेली असते.

गोरक्ष माझ्या बहिणीचा मुलगा. गंगापूर धरणाच्या पाण्यावर त्याची बारा माणसांची नवी बोट आहे. दिवाळीत बोटीतला डावा स्पीकर गप झाला. उज्वलाने जाऊन एक ढिली पिन बसवली, वाजायला लागला. पण संक्रांतीच्या आधी पुन्हा गेला. तिने स्पीकरच बदलला. पुन्हा गेला. तिने उजवीकडची वायर डावीकडे लावून पाहिली, सीटखालची वायर नवी टाकली. काठावर बोट उभी असली की तो छान गायचा, माणसं बसून पाण्यात गेली की मध्येच मुका.

“वैनी, बंद पडायच्या आधी म्या काहीच केलं नाय, आईची आण,” गोरक्ष म्हणायचा.

गावात कुजबुज सुरू झाली. पाटीवर खडूने कुणीतरी लिहिलं, ‘काम पोहत परत येतं.’ मला हसू आलं, पण उज्वला हसली नाही. आणि त्यात गोरक्षचा निरोप आला – रविवारी घोटीच्या बायका त्यांच्यातल्या ज्योत्स्नाचं डोहाळजेवण बोटीत करणार आहेत, त्या दिवशी वाजला नाही तर दुसरा मेस्तरी बघतो. उज्वलाने पाटी पुसून स्वच्छ केली आणि मला म्हणाली, “आई, रविवारी नाही वाजला तर टेबल आत घेते. तुमचे पापड लाटा.”

मला पापड लाटायची मुळीच हौस नव्हती.

शनिवारी आम्ही दोघी जीपने नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत आणि तिथून रिक्षाने धरणावर गेलो. गोरक्षने आम्हाला तासभर फिरवलं. डावा स्पीकर एकदाही अडखळला नाही. उज्वलाचं तोंड आणखीच उतरलं. “दुखणं डॉक्टरसमोर येतच नाही,” म्हणाली.

रविवारी सकाळी बायका आल्या. हिरव्या साडीतली ज्योत्स्ना मधोमध बसली, आठवा महिना, सारखी हसत होती. गोरक्षने बोटीच्या नाकावर नारळ फोडला, आम्ही निघालो. दोन गाणी झाली आणि तिसऱ्यात डावा गप!

“एका कानाचं डोहाळजेवण झालं गं माझं!” ज्योत्स्ना म्हणाली. सगळ्या हसल्या. उज्वला तेवढी बोटीच्या तळाकडे बघत बसली.

“गोरक्षदादा, काल तासभर वाजला. आज वेगळं काय केलंत?”

“काहीच नाय. काल बाया नव्हत्या.”

“बायांनी स्पीकर बिघडतो होय रे?” एक वयस्कर बाई कडाडली.

मला उज्वलाची दया आली. मी म्हणाले, “गोरक्ष, दृष्ट जबर दिसते. आणखी एक फोड.”

त्याने दुसरा नारळ घेतला आणि नाकावर ठोकलेल्या लोखंडी पट्टीवर आपटला. पाणी ओघळलं. तेवढ्यात उज्वला ओरडली, “थांबा!” आणि बायकांच्या पायांमधून सरपटत पुढे गेली. पट्टीच्या स्क्रूशेजारी एक भोक होतं, पाणी त्यात गुडूप होत होतं. तिने नाकाखालची फळी उचकली. आत डाव्या स्पीकरच्या वायरीचा मूळचा जोड निघाला, बोट बांधणाऱ्यानेच दिलेला. पितळी भांडं कळकतं तसा हिरवागार झालेला आणि वरून ओला. तिने त्याला करंगळी लावली आणि चाटली.

“अगं, काय चाटतेस!” मी म्हणाले.

“आई, हे धरणाचं पाणी नाही. गोड लागतंय.”

मीही चाटून पाहिलं. नारळपाणीच.

“ही पट्टी कधी बसवली, दादा?”

“दिवाळीनंतर. बोटीचा रंग उडाया लागला ना. पाव्हणे बसले की दर फेरीला नारळ फोडायचा, असं...” आणि तो माझ्याकडे बघायला लागला.

आता लपवून काय करू? दिवाळीत पहिल्यांदा स्पीकर बंद पडला तेव्हा मीच त्याच्या कानात सांगितलं होतं, नव्या बोटीला नजर लागली असेल, दर फेरीला नारळ फोड. पोरगा आज्ञाधारक. जितका स्पीकर बिघडला तितके नारळ वाढले, आणि जितके नारळ वाढले तितका स्पीकर बिघडला. काल पाहुणे नव्हते म्हणून नारळ नव्हता, म्हणून तो गात होता.

उज्वलाने जोड कापला, तारा खरवडून नवा बांधला, वर चिकटपट्टी गुंडाळून उंच अडकवला. भोकात मेण भरलं. पाण्याच्या मधोमध, बायका टाळ्या पिटत असताना डावा स्पीकर गायला लागला. ज्योत्स्नाने दोन्ही नारळांचं खोबरं मागून घेतलं आणि कुणाला तुकडाही दिला नाही.

“मावशे, आता नारळाचं कसं?” गोरक्षने हळूच विचारलं.

“फोड की. पण काठावरच्या दगडावर.”

परतताना जीपमध्ये मी सुनेला चिडवलं, “काम परत येत नाही म्हणे! इतक्यांदा आलं की.”

“काम दिवाळीतच झालं होतं, आई,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “त्यानंतर आला तो तुमचा नारळ.”