मामाचं मशीन आणि हंगामाची शेवटची बोट

साठ सालच्या आसपास माझ्या मामाने होडीला मशीन लावलं, तेव्हा कर्ली खाडीच्या काठावरच्या त्याच्या गावात चार दिवस कोणी धड कामाला गेलं नाही. मशीन तिसऱ्या हातून आलेलं, होडीच्या मागच्या फळीला टांगलेलं. डोक्यावर पेट्रोलची छोटी टाकी. दोरी गुंडाळून हिसका द्यायचा की सुरू. मामा तो हिसका दशावतारातल्या राजासारखा पाय आपटून, गावाकडे तोंड करून द्यायचा.

त्या मशीनने मला जन्माचं दमवलं ते मे अखेरच्या एका सकाळी. मालवणहून मुंबईला जाणारी हंगामातली शेवटची बोट त्या दिवशी होती. पुढे पावसाळाभर बोटी बंद. मामीची लेक मुंबईत, पहिलटकरीण, नववा लागलेला. तिला माहेरी आणणं जमलं नव्हतं, म्हणून मामीच निघाली होती. एसटी तिला फार लागायची. नुसता डिझेलचा वास आला तरी ती आडवी. सोबतीला विशीतला मी.

देवबागच्या अलीकडे मशीन खोकलं आणि गप्प झालं.

मामाने थाटात प्लग काढला. "ठिणगी बघूया." प्लग लोखंडाला टेकवून त्याने मला दोरी ओढायला लावली. ठिणगी पडली, त्यालाही थोडी बसली. मग टाकीचं झाकण काढून आत डोकावला. पेट्रोल काठोकाठ. झाकण लावलं, प्लग लावला, हिसका दिला, सुरू!

"बघलंस, भाच्या? प्लगाचो दोष," मामा म्हणाला.

दहा मिनिटांत पुन्हा बंद. पुन्हा प्लग, पुन्हा ठिणगी, पुन्हा झाकण काढून बघणं, पुन्हा सुरू. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. तोवर ओहोटी संपून पाणी फिरलं होतं, आणि दोरी ओढून माझे तळवे सोलले होते.

"अवो, आता वल्ही घेवा," मामी म्हणाली. "थंय मुंबैक चेडू वाट बघता."

"मशीनाक रुसाक काय झाला, ताच कळणा नाय!"

"तुमच्याबरोबर ऱ्हवल्यार कोणय रुसात."

मामा तोंड फिरवून वल्ही मारायला बसला. मी काढलेला प्लग हातात घेऊन बघत होतो. कोरडा ठणठणीत. म्हणजे ठिणगी होती, टाकीत पेट्रोल होतं, पण ते खाली उतरत नव्हतं. मी झाकण फिरवलं. सुस्स करून टाकीने वारा आत ओढला.

टाकीत हवा जावी म्हणून झाकणाला एक बारीक भोक असतं. मी झाकण उन्हात धरलं. त्यावर खोबरेल तेलात कालवलेल्या कुंकवाचं जाडजूड बोट, आणि बरोबर भोकात घट्ट बसलेला अक्षतेचा एक दाणा. सकाळी निघताना प्रवास सुखाचा व्हावा म्हणून मामीने मशीनची पूजा केली होती.

मी मामीकडे बघितलं. तिने झाकणाकडे बघितलं, मग मामाच्या पाठीकडे. मग अंबाड्यातला आकडा काढून माझ्याकडे सरकवला.

मी भोक मोकळं केलं, कुंकू पुसलं, झाकण आणि प्लग लावला, दोरी ओढली. मशीन एकदाही न थांबता थेट मालवणपर्यंत गेलं. बंदरात पोचलो तेव्हा बोटीचा धूर उत्तरेला बारीक होत चालला होता.

"काय केलंस रे?" मामाने विचारलं.

"टाकीत कचरो होतो."

"तरी मी सांगी होतंय!" मामा म्हणाला. त्याने असलं काहीच सांगितलं नव्हतं. पुढे जन्मभर तो पेट्रोल धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळत राहिला, आणि आम्ही दोघांनी त्याला गाळू दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने निघालो. घाटातल्या प्रत्येक वळणाला मामी खिडकीबाहेर, मी तिचा पदर धरून. मध्ये एकदा माझ्या खांद्यावर डोकं टेकून पुटपुटली, "तेंका सांगू नको हां."

मुंबईत पोचलो तेव्हा लेक अवघडल्या अंगाने दारात उभी होती. मामी उंबरा ओलांडून तिथेच आडवी झाली. बाळंतपण करायला आलेल्या आईला पहिले दोन दिवस त्या पोरीनेच उशाशी बसून पेज पाजली.