धुळ्याच्या पत्रात काय होतं

हे माझ्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडतं आहे. तोंडून म्हणजे लेखणीतून, कारण तोंड माझं फारसं उघडत नाही. पोस्टात एक कार्ड मागायचं तरी मी मागच्या दोन माणसांना पुढे जाऊ देते. पाच वर्षं ही गोष्ट मी कोणाजवळ बोलले नाही. आता सांगते, पण सरळ सांगता येईल असं वाटत नाही.

घरात आम्ही तिघं. मी, नाना आणि अक्का. नाना माझे काका. अक्का त्यांची थोरली बहीण — म्हणजे माझी आत्या, पण जळगावात आमची सगळी गल्ली तिला अक्काच म्हणते. वडील भुसावळला रेल्वेत होते. तिथल्या इंग्रजी शाळेत त्यांनी मला घातलं. आई आणि ते एका वर्षाच्या आत गेले, आणि मी मॅट्रिकचं सर्टिफिकीट आणि एक पत्र्याची पेटी घेऊन नानांच्या दारात उभी राहिले. नाना मला मडम म्हणत. मडमला ठेचा सोसतो का बघ, असं अक्काला मुद्दाम माझ्यासमोर सांगत. त्यात माया होती. हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना वाईट ठरवाल आणि मला सोडून द्याल.

नाना एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, रुईचे पारखी होते. सरकी निघाली की उरते ती रुई. तिचा धागा लांब की आखूड, पक्का की कच्चा, हे बोटांनी ओढून सांगायचं. त्यावर भाव ठरायचा. नमुन्याच्या पुड्या ते संध्याकाळी घरी आणत. आणि मग — हे मी आले त्याच हंगामात पाहिलं — त्या पुड्या अक्कापुढे जात. अक्का चिमूटभर रुई घेई, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढी, जुळवी, पुन्हा ओढी. शेवटी केसांसारखे थोडे धागे उरत. ते ती गुडघ्यावर, आपल्या गर्द निळ्या लुगड्यावर आडवे ठेवी आणि नखाने मोजी. "हाई आखूड शे," एवढंच म्हणे, की नाना पुडीवर तसं लिहीत. चौदा हंगाम असं चाललं होतं. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. भाकरी कोण थापतं हे कोणी बोलून दाखवतं का? तसंच ते.

मग मालकांनी जिन विकलं. नव्या मालकांनी आपली माणसं आणली आणि नाना घरी बसले. त्याच सुमारास धुळ्याला एक मोठी कंपनी रुईची खरेदी सुरू करत होती. तिथले साहेब दक्षिणेकडचे. अर्ज इंग्रजीत हवा होता, आणि मागच्या नोकरीत स्वतः काय काम केलं ते त्यात नीट लिहायला सांगितलं होतं. घरात इंग्रजी जाणणारी मी एकटी.

अर्ज लिहायच्या आदल्या दिवशी मी नानांना एक गोष्ट विचारली होती. एका शाळेत लहान मुलांना इंग्रजी शिकवायची जागा होती, मी जाऊ का? विचारायला मला आठ दिवस लागले होते. नाना हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मडम, आपल्या घरातल्या बाया पगार आणत नाहीत."

अक्का तिथेच लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी नाना सांगत गेले आणि मी लिहीत गेले. लिही, चौदा वर्षं रुई मी पारखली, लिही, माझ्या हाताला तोड नाही. अक्का चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "लिख माय. बठ्ठं त्यानंच करेल शे." सगळं म्हणे त्यानेच केलेलं आहे. नाना हसले, तीही हसली. मी हसले नाही. आम्हाला शाळेत अर्ज लिहायला शिकवणाऱ्या बाई सांगत — हुद्दा काय होता ते एका शब्दात सांगा, काम काय केलं ते पूर्ण सांगा, आणि जे केलं नाही ते लिहू नका. मी तसंच लिहिलं. सुबक अक्षरात, इंग्रजीत, नानांच्या नावाने — की रुईची पारख माझी थोरली बहीण करत आली. ती सांगेल ती प्रत मी पुडीवर लिहीत असे आणि मालकांना कळवत असे.

नाना म्हणाले, आता मराठीत वाचून दाखव. मी वाचून दाखवलं. त्यांनी सांगितलं होतं तेच, शब्दन् शब्द — कागदाकडे बघत, ओळीवरून बोट फिरवत. मी, जी पोस्टात कार्ड मागू शकत नाही, ती एकदाही अडखळले नाही. नानांनी खाली सही केली.

हाच माझा अपराध, असं तुम्हाला वाटलं असेल. वाटू दे. मी तो मानत नाही. त्यात रागाचा भाग होता, हे कबूल. न्याय वगैरे मला नंतर सुचलं. पण त्या अर्जात एक अक्षर खोटं नव्हतं. ते वाक्य मी आजही तसंच लिहीन. पारखी अक्का होती, तर पारखी म्हणून दुसऱ्या कोणाचं नाव मी का लिहावं?

अपराध पुढे आहे.

तिसऱ्या आठवड्यात धुळ्याहून पत्र आलं. टाइप केलेल्या पाच ओळी. नाना दारातच उभे होते, अक्का त्यांच्या मागे, हाताला पीठ. मी मनात वाचलं. साहेबांनी लिहिलं होतं की पुडीवर लिहिणारा माणूस आम्हाला नको आहे. मात्र आपल्या भगिनींनी येत्या बुधवारी सकाळी अकरा वाजता यावं. नमुने ठेवलेले असतील. हात खरा असेल तर त्यांना हंगामासाठी घेऊ.

मी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "नाही म्हणतात."

का? खरं वाचलं असतं तर अर्जात मी काय लिहिलं ते नानांना कळलं असतं. एवढंच कारण. दुसरं शोधून बघितलं, सापडत नाही. मी अक्काचं नाव धुळ्यापर्यंत पोचवलं आणि धुळ्याहून तिला आलेलं बोलावणं तिच्यापासून चार हातांवर, तिच्या तोंडाकडे बघत, गिळलं.

नाना बाहेर गेले. अक्का पुढे आली, कागदाकडे बघत राहिली.

"नही म्हनाले इतलं लिखनं पडस का, माय?"

नाही म्हणायलाही साहेबलोक एवढं लिहितात, असं मी सांगितलं. तिने मान हलवली आणि परत आत गेली.

त्या बुधवारी अकरा वाजता अक्का ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. मी घड्याळाखाली बसून होते. तवा उतरेपर्यंत तिथेच बसले.

नाना पुढे एका किराणा दुकानात बसू लागले. डोळे अधू झाले तेव्हा तेही सुटलं. मग अक्का डाळीच्या मिलमध्ये जाऊ लागली, डाळीतले खडे निवडायला. आणि एक दिवस नाना मला म्हणाले, मडम, ती शाळेची जागा अजून आहे का बघ. होती. आता आपल्या घरातल्या दोन्ही बाया पगार आणतात. मी खुर्चीवर बसून आणते. ज्या बोटांना धाग्याची लांबी कळते ती बोटं दिवसभर तुरीच्या डाळीत असतात. हवी असलेली नोकरी मला मिळाली ती ते पत्र मी दडवलं म्हणूनच, हेही मी जाणून आहे. म्हणून ती सोडली का? नाही सोडली. मुलं चांगली शिकतात.

मागच्या महिन्यात मी धुळ्याच्या एका शाळेत अर्ज केला. पूर्वीची नोकरी, किती वर्षं, काम काय — सगळं नीट भरलं. अक्का मिलमधून आली, हातपाय न धुताच समोर बसली आणि वाच म्हणाली. मी मराठीत वाचून दाखवला, जसा होता तसा. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. तिच्या मनगटांवर डाळीचा पिवळा भुसा होता.

साहेबांचं ते पत्र माझ्या पेटीत तळाशी आहे. अर्ज वाचताना पेटी आमच्या दोघींच्या मध्ये होती. मी ते काढलं नाही. उद्या काढीन असंही इथे लिहिणार नाही. जे केलं नाही ते लिहायचं नाही.