कोपऱ्यातलं खोडलेलं नाव

देगू शहरातल्या सोमुन बाजारात माझं रजयांचं दुकान आणि दोकशिमताईचा नूडल्सचा गाळा एकमेकांना खेटून होते. ताई पीठ लाटून सुरीने नूडल्स कापायची, तिचे यजमान हानसू रस्सा बघायचे. माणूस भला, पण चेहरा सदा पडलेला. तरुणपणी रेल्वेची परीक्षा वरच्या नंबराने पास झाले, तरी नेमणूक आली नाही. पुढे अर्धा मोहल्ला सौदीला बांधकामावर गेला, यांचाच पासपोर्ट अडकला. कारण कुणी सांगितलं नाही. ‘माझ्यातच काहीतरी खोट असणार,’ असं म्हणत त्यांची पंचेचाळिशी उलटली.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात त्यांची आई गेली. तिच्या कपाटामागे जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक तैलचित्र निघालं. सफरचंदांची बाग, टोपली घेतलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, आणि तिची नजर अशी रोखलेली की बघणाऱ्यानेच मान वळवावी. म्हातारीने शेवटच्या आजारात सुनेला बजावलं होतं, “ते विकून टाक. पण कुणी काढलं, ते विचारत फिरू नकोस.”

गाळ्याचा मालक तेव्हा गाळा विकायला निघाला होता. तो आपणच घ्यावा, असं ताईच्या मनात होतं. म्हणून ती मला सोबत घेऊन चित्रांचे व्यापारी मो यांच्याकडे गेली.

मो यांनी चित्र खिडकीशी धरलं, उजवा कोपरा भिंगातून पाहिला आणि चष्मा काढला.

“काकू, इथे सही होती. कुणीतरी वरून रंग फासलाय.”

“मग खरवडा की!”

“नको. नाव कुणाचं निघेल, सांगता येत नाही. काही नावं दुकानात सापडली तरी दुकान बंद होतं.” त्यांनी आवाज उतरवला. “काम जपान्यांच्या अमलातलं आहे, देगूतलंच. त्या पिढीतले नाम सर तेवढे उरलेत. त्यांना विचारा. माझं नाव मात्र घेऊ नका.”

नाम सर मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. त्यांनी आम्हाला घरात घेतलं, बसायला गादी दिली. ताईने चादर सोडली मात्र, त्यांचे ओठ पांढरे पडले.

“हे कुणी पाठवलं तुमच्याबरोबर?”

“कुणी नाही, सर. सासूबाईंचं आहे.”

“मला काही ठाऊक नाही. घेऊन जा. आधी झाका ते!” आम्ही बूट घालतोय तोवर मागे कडी लागली.

त्यानंतर गाळ्यावर एक नवं गिऱ्हाईक येऊ लागलं. तपकिरी जाकीट, कमी बोलणं, दाराकडे तोंड करून बसणं. त्या दिवसांत असा माणूस दिसला की गुप्तचर समजून बाजार आपोआप गप्प व्हायचा. एकदा त्याने वाडगा सरकवत सहज विचारलं, “घरात एक जुनं चित्र आहे म्हणे?”

ताईच्या हातातला डाव रश्शात पडला. “कसलं चित्र? आमच्याकडे कॅलेंडर आहे, बँकेचं.”

तो गेल्यावर ती माझ्या दुकानात येऊन रजयांच्या थप्पीवर मटकन बसली. “बाई गं, मिओकच्या बाबांना उचलून नेलं तर?” मिओक म्हणजे तिची लेक. चित्र तेव्हापासून माझ्या रजयांच्या मध्ये लपलं, आणि मला तिकडे पाठ करून बसवेना.

आठवडा सरला नसेल, तोच तो जाकीटवाला पुन्हा आला. या वेळी त्याच्या हाताला धरून नाम सर होते. तो त्यांचा जावई निघाला.

“माफ करा,” सर म्हणाले. “तुम्हीच गुप्तचर खात्याच्या आहात असं मला वाटलं. म्हणून याला बघायला पाठवलं.”

ताईला हसावं की रडावं कळेना. तिने गाळ्याचा पडदा ओढला. मी चित्र आणून भिंतीला टेकवलं.

“हे चू संगुकचं. आम्ही एका खोलीत राहून शिकलो. युद्धात तो सीमेपलीकडे उत्तरेला, कम्युनिस्टांकडे गेला. मनाने गेला की नेला, देव जाणे. त्याची सही मीच बुजवली. त्याच्या बहिणीने माझे पाय धरले होते.” त्यांनी हानसूंकडे पाहिलं. “म्हणजे तुमच्या आईने. तो तुमचा सख्खा मामा.”

 हानसू म्हणाले, “उत्तरेला गेलेला मामा. अशाच्या नातलगांची नावं सरकारच्या काळ्या यादीत. म्हणून रेल्वे. म्हणून पासपोर्ट.”

“तिला तुम्हाला वाचवायचं—”

“वाचवायचं? मी जन्मभर स्वतःला शिव्या घातल्या, सर! आणि ती समोर बसून ऐकत होती!”

त्यांनी चित्र उचललं, कोळशाच्या शेगडीवरचं पातेलं एका हाताने खाली ओढलं. रस्सा जमिनीवर सांडला. ताई मध्ये धावली, त्यांनी तिला ढकललं. चित्राच्या कापडाची कड निखाऱ्यावर आली आणि तेलाचा उग्र वास सुटला.

“हानसू!” सर ओरडले. “ती मुलगी कोण आहे, बघ तरी! ती तुझी आई आहे.”

हात थांबले. आईचा लग्नाआधीचा एकही फोटो घरात नव्हता. हानसूंनी चित्र उजेडात धरलं, आणि तिथेच ओल्या जमिनीवर बसून हमसून हमसून रडले.

पुढे मो गाळ्यावर येऊन म्हणाले, “मी सहीच्या जागी बाजारात चालणाऱ्या एखाद्या चित्रकाराचं नाव घालतो. भाव चौपट. गेलेला माणूस तक्रार करायला येत नाही.”

ताई माझ्याकडे बघत राहिली. गाळा हातचा जात होता, हे मला ठाऊक होतं. पण उत्तर हानसूंनी दिलं. “आईने नाव झाकलं, ते भीतीने. आम्ही बदलायचं, ते कशाने? राहू द्या.”

पुढच्या वर्षी ऑलिंपिक संपल्यावर सरकारने उत्तरेला गेलेल्या चित्रकारांवरची बंदी उठवली. बातमी ऐकूनही ताईने महिनाभर चित्र बाहेर काढलं नाही. ‘आज उठवली, उद्या घातली तर?’ शेवटी नाम सरांनी स्वतः रंग सुटायच्या औषधात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने कोपरा पुसला. सही अख्खी वर आली. सोलच्या एका खाजगी संग्रहालयाने ते घेतलं. भाव मो म्हणाले होते त्याच्या आसपासही नव्हता, तेव्हा अजून विकायचाच राहिलेला गाळा आम्ही दोघींनी मिळून घेतला आणि मधली भिंत पाडली. माझ्या रजयांना अजून मासळीच्या रश्शाचा वास येतो.

संगुकचं पुढे काय झालं, ते कुणालाच कळलं नाही. चित्र मांडलं त्या दिवशी हानसू एकटेच सोलला जाऊन आले. काय पाहिलं, म्हणून मी विचारलं, तर पीठ मळता मळता म्हणाले, “खाली मामाचं नाव लिहिलंय, मोठ्या अक्षरात. आणि आईचे कान थेट आमच्या मिओकसारखे आहेत. एवढी वर्षं आई कान झाकून केस बांधायची, लक्षातच आलं नाही.”