पडद्यावरची माझी मुलगी

पडद्यावर माझी मुलगी फुगडी घालत होती. शाळेच्या हॉलमध्ये, सगळ्या आईबापांसमोर. मुलांना इंटरनेटवर सुरक्षित कसं ठेवायचं ते सांगायला पणजीहून एक सर आले होते. त्यांनी नेमका तनूचा चेहरा मोठा दिसत असताना व्हिडिओ थांबवला.

"आईबाप अडाणी असले की हे असं होतं. पोरांच्या हातात मोबाइल दिला की यांची जबाबदारी संपली."

चार बायकांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. तनू दहा वर्षांची. तिच्या हातात मोबाइल कधी नव्हताच.

मी मांद्र्याला एका गेस्ट हाऊसवर खोल्या झाडते. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे. नवरा खाणीच्या ट्रकवर, आठवडा आठवडा बाहेर. म्हणून शाळा सुटली की तनू माझ्यापाशी येते. चतुर्थी जवळ आलेली, मालकाच्या नातीबरोबर अंगणात फुगडीचा सराव चालायचा. एका पाहुण्याने विचारलं, फोटो काढू का? मी हो म्हटलं. वर तनूला बोलावून तिचे केस विंचरले, अबोलीचा वळेसर माळला. माझ्या लेखी फोटो म्हणजे फोटो. पाहुणे काढतात, दाखवतात, जातात. ही माझी चूक. ती मी कुणावर ढकलत नाही.

आठ दिवसांनी पाव घेऊन येणारा पोदेर म्हणाला, "तुजें चेडूं मोबायलार आयलां गो." त्याच्याच मोबाइलवर पाहिलं, त्या पाहुण्याने माझ्या मुलीच्या फुगडीचा व्हिडिओ टाकला होता. खाली लोकांनी जे लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. तनूच्या अंगात गणवेश होता. एकाने शाळा कुठली ते विचारलं होतं, आणि दुसऱ्याने सांगितलंही होतं.

मालकाच्या नातीचं तोंड मात्र धूसर केलेलं.

मी मालकाकडे गेले. "पात्रांव, त्येंका सांगा, माझ्या चेडवाचो व्हिडिओ काढून टाका म्हणान."

तो खुर्चीतून हललासुद्धा नाही. "अगो, आमच्या नातीचें तोंड धांपूंक हांवेंच सांगिल्लें. आमकां घराणें आसा. तुजें कितें गेलें? फुकट नांव जालें न्हय?"

म्हणजे नातीचं तोंड त्यानेच झाकायला लावलं होतं. धोका त्याला पुरता कळत होता. मी काही बोलले नाही. चार नंबरच्या खोलीतल्या चादरी बदलायला गेले. त्या गप्प राहण्याची मला अजून लाज वाटते. त्याच आठवड्यात वाटेत कुणी अनोळखी माणसाने तनूला नावाने हाक मारली. तेव्हापासून ती शाळेत जाईना.

आणि आता हा हॉल. टीचर सगळ्यांना हमीपत्र वाटत होती. आम्ही मुलांना मोबाइल देणार नाही, खाली सही करा.

मी उठले आणि सरळ पडद्यासमोर जाऊन उभी राहिले. तनूचा चेहरा माझ्या साडीवर पडला.

"सर, आधी ह्यां बंद करा. माका इचारलात? माझ्या चेडवाक इचारलात?"

"बाई, हे उदाहरण आहे. जागृतीसाठी."

"उदाहरण न्हय, माझा चेडू आसा ता. दुसऱ्या चेडवाचा तोंड झाकलेला दिसता मां तुमका? मगे ह्येचा कित्याक उघडा ठेवलात?"

सरांनी लॅपटॉप मिटला. मी हमीपत्र कोरंच टेबलावर ठेवलं. जी चूक मी केली नाही तिच्याखाली माझी सही येणार नाही. जी केली, ती पेडण्याच्या पोलीस ठाण्यात माझ्या हाताने लिहून दिली. मी फोटोला हो म्हटलं होतं, असं लिहिलं. पुढे लिहिलं, त्या पाहुण्याचा नंबर गेस्ट हाऊसच्या मालकाकडे आहे, कारण नातीचं तोंड झाकायला त्यानेच सांगितलं.

मालकाचा निरोप आला. तक्रार मागे घे, नाहीतर उद्यापासून येऊ नको. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर गेले नाही.

व्हिडिओ अजून तिथेच आहे. दर सोमवारी मी ठाण्यात जाऊन बाकावर बसते. शिपाई वैतागून विचारतो, "परत?" हो, परत. तो व्हिडिओ उतरेपर्यंत. आणि उतरल्यावरही, ज्याने टाकला तो माझ्यासमोर उभा राहीपर्यंत.